आखाडाच्या जेवणाआधी ४० बकऱ्यांची तपासणी : एक प्रकरण अभ्यास

मी पशुवैद्यक आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शेळ्या-मेंढ्यांचंच काम जास्त करते. खाली मांडलेलं प्रकरण माझ्या हातून गेलेलं आहे. तालीम मंडळ, मटणाचं दुकान, गाव, प्रयोगशाळा यांची ओळख काढून टाकली आहे. दिवसांचा क्रम आणि घेतलेले निर्णय, चुकलेल्या निर्णयांसकट, जसे होते तसे ठेवले आहेत. आमच्याकडच्या धनगरांच्या बोलीत 'बकरी' म्हणजे मेंढरं, शेळीला शेळीच म्हणतात. इथेही 'बकरं' याच अर्थानं वाचावं.

पार्श्वभूमी

आषाढ लागला की कोल्हापुरात पंचगंगेचं नवं पाणी त्र्यंबोलीला वाहायच्या यात्रा सुरू होतात. मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून 'पी ढबाक' वाजत कलश निघतात आणि त्यामागोमाग मंडळांची मटणाची जेवणं होतात. श्रावण लागायच्या आत हे सगळं उरकायचं असतं. त्यामुळे तीन-चार आठवडे बकऱ्याला जेवढी मागणी असते, तेवढी वर्षात क्वचितच.

अशाच एका मंडळाच्या जेवणानंतर आदल्या वर्षी बऱ्याच जणांची पोटं बिघडली होती. गल्लीत एकच बोललं गेलं : "बकरं आजारी असणार." या वर्षी मंडळाचे अध्यक्ष आणि नेहमीचे मटण दुकानदार दोघेही जेवणाच्या बारा दिवस आधी माझ्याकडे आले. अंदाजे बाराशे पानं, त्यासाठी वीस बकरी. अध्यक्षांचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, बकरी तपासून द्या आणि तपासलेली आहेत असा कागद द्या. बोर्डावर लावतो. लोकांना तेवढा दिलासा पाहिजे."

मी आधी गेल्या वर्षीचं विचारलं. जेवण रात्रीचं, रस्सा दुपारीच तयार झालेला. त्रास सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पोटात मुरडा, पातळ शौच. उलटी फारशी कुणाला नाही, ताप जवळजवळ नाही. संध्याकाळपर्यंत बहुतेक जण बरे. हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बकरं आलं नाही, ते दुपारपासून झाकून ठेवलेलं मोठं पातेलं आलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळीतही टिकतात. मोठ्या भांड्यातला रस्सा हळूहळू निवत ४५ अंशांच्या आसपास आला की ते जागे होऊन भराभर वाढतात. खाल्ल्यानंतर ८ ते १६ तासांत मुरडा आणि जुलाब, ताप नाही, दिवसभरात उतार, ही त्याची नेहमीची चाल. साल्मोनेला हा दुसरा जिवाणू असता तर बऱ्याच जणांना ताप आला असता आणि दुखणं चार-पाच दिवस रेंगाळलं असतं. त्या जेवणातला नमुना कुणी ठेवला नव्हता, त्यामुळे पुरावा असा नव्हताच. तरी मी दोघांना स्पष्ट सांगितलं की गेल्या वर्षीचा दोष बकऱ्याच्या माथी मारू नका, पातेली रात्रीपर्यंत वाफाळती ठेवा.

त्यांनी ते ऐकलं, पण बकरी तपासायचीच यावर ते ठाम राहिले. हा पहिला निर्णयाचा क्षण. "याची गरज नाही" म्हणून मी त्यांना परत पाठवू शकले असते. पाठवलं नाही, कारण तपासणीला अर्थ होता. गेल्या वर्षीच्या त्रासाशी मात्र त्या अर्थाचा संबंध नव्हता.

अडचण काय होती

धडधाकट मेंढराच्या आतड्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर किंवा शिगा विष तयार करणारे ई. कोलाय निवांत राहू शकतात. मेंढरू चरतं, रवंथ करतं, अंगावर तेज असतं आणि लेंडीतून जिवाणू बाहेर पडत असतात. तेही रोज सारखे नाही. आज पडतील, चार दिवस पडणार नाहीत, टेंपोत कोंबून उपाशी आणलं की पुन्हा जोरात पडतील.

कत्तलीआधीची सरकारी तपासणी नजरेची असते. प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक (कत्तलखाना) नियम, २००१ प्रमाणे पशुवैद्यकानं तासाला १२ पेक्षा जास्त आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत आणि तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती द्यायची. नियम चांगला आहे. नीट पाळला तर ताप, लंगडेपणा, हगवण, गाठी, नाकातला शेंबूड हे सगळं सापडतं. वाहक बकरं मात्र त्यातून सहज पुढे जातं, कारण त्याला काहीच झालेलं नसतं.

प्रयोगशाळेत ते सापडतं, पण वेळ लागतो. साल्मोनेलासाठी पहिल्या दिवशी नमुना पेप्टोन वॉटर या जिवाणू वाढवायच्या द्रवात, दुसऱ्या दिवशी निवडक द्रवात ४२ अंशांच्या आसपास, तिसऱ्या दिवशी साल्मोनेला ओळखता येईल अशा एक्सएलडी नावाच्या ताटलीवर, चौथ्या दिवशी ताटली वाचायची. जिवाणूंच्या लालसर वसाहतीच्या मधोमध काळा ठिपका दिसला तर संशय, आणि पक्कं व्हायला आणखी दोन-तीन दिवस. म्हणजे कत्तलखान्याच्या दारात स्वॅब घेतला तर निकाल येईपर्यंत मटण खाऊन, भांडी घासून झालेली असतात. तपासायचं तर वाड्यावरच, म्हणजे मेंढपाळाचा कळप असतो तिथेच, आठ-दहा दिवस आधी. आणि आठ-दहा दिवस आधीचा निकाल म्हणजे आठ-दहा दिवस आधीच्या बकऱ्याचा निकाल.

कोल्हापूरकर मटण कच्चट खात नाहीत. तांबडा असो, पांढरा असो, मटण शिजतं ते पूर्ण, आणि ७० अंशांच्या वर साल्मोनेला काय, ई. कोलाय काय, काहीच टिकत नाही. मग धोका कुठून येतो? लोकरीवरची लेंडी सुरीवर, सुरीवरून मटणावर, मटणावरून ओंडक्यावर आणि हातांवर, आणि त्याच हातांनी चिरलेल्या कांदा-काकडीवर. तांबड्यासोबत पानात पडणारा कच्चा कांदा शिजत नाही. बकऱ्याच्या पोटातला जिवाणू माणसाच्या पोटात जातो तो बहुधा या वाटेनं. म्हणून वाड्यावरच्या तपासणीचा उपयोग 'हे बकरं शुद्ध' असं लिहून देण्यात नाही. कुठली बकरी वेगळी काढायची, कुठली आधी आणि कुठली शेवटी कापायची, कुठे जास्त जपायचं, एवढं ठरवायला ती उपयोगी पडते. 'शुद्ध' असा कागद मी देणार नाही, असं मी अध्यक्षांना पहिल्याच भेटीत सांगितलं. काय तपासलं, कधी तपासलं आणि काय सापडलं, एवढंच लिहून देईन.

नमुने कसे घ्यायचे

वाडा हातकणंगले तालुक्यात होता. साठेक नर पोसलेले. मेंढपाळ साठीच्या पुढचे, त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. मी कशाला आले ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, ह्यातलं एक तरी बकरं आजारी दिसतंय का तुमास्नी?"

दिसत नव्हतं. मी तसं सांगितलं. मग तपासायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. माणसातलंच उदाहरण दिलं, की विषमज्वर बरा झालेला माणूसही कधी कधी वर्षानुवर्षं जंतू बाहेर टाकत राहतो आणि त्याला स्वतःला काही होत नाही. हे त्यांना पटलं.

कळपात साल्मोनेला आहे का, एवढंच जाणून घ्यायचं असतं तर कमी नमुन्यांत भागलं असतं. ६० मध्ये ६ वाहक असतील, तर त्यातलं किमान एक हाती लागण्याची ९५ टक्के खात्री मिळायला कुठलेही २३ तपासले तरी पुरतं. आमचा प्रश्न वेगळा होता : कापायला घ्यायची वीस कुठली? लहान सोडून दुकानदारानं ४० निवडली होती. चाळीसांच्या वेगवेगळ्या तपासणीचा खर्च मंडळाला झेपणारा नव्हता. म्हणून पाच-पाच बकऱ्यांचे नमुने एकत्र करून आठ गट करायचे ठरवलं. ज्या गटात काही सापडणार नाही त्यातली बकरी घ्यायची, सापडेल तो गट बाजूला.

जेवणाच्या अकरा दिवस आधी, सोमवारी, आम्ही नमुने घेतले. जमिनीवरची लेंडी घ्यायची नाही हे मी कटाक्षानं पाळते. ती कुणाची आणि कधीची ते कळत नाही. मामी एकेक बकरं कानाला धरून आणत, मामा ते दोन गुडघ्यांत दाबून धरत, मी शेपूट वर करून गुदद्वारात स्वॅब फिरवून तो कॅरी-ब्लेअरच्या, म्हणजे वाटेत नमुना टिकवणाऱ्या माध्यमाच्या, नळीत बुडवत होते. दर बकऱ्याला नवा हातमोजा. पावसानं लोकर जड झालेली, शेपटीखाली ओल्या लेंड्यांचे गोळे वाळून चिकटलेले. पोटाखालची लोकर चिखलानं इतकी थापली होती की हात लावला तर कडक लागत होती. ते चित्र मला नंतर फार उपयोगी पडलं.

पाच बकऱ्यांचा गट झाला की त्यांच्या पाठीवर गेरूनं गटाचा आकडा काढला. नळ्या बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्माकोलच्या पेटीत घालून रात्रीच्या गाडीनं पाठवल्या. मंगळवारी सकाळी त्या प्रयोगशाळेत पोचल्या. साल्मोनेला आणि ई. कोलाय ओ१५७ (शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायचा एक प्रकार) एवढंच मागितलं. कॅम्पिलोबॅक्टर मागितला नाही. त्याला कमी ऑक्सिजनचं वेगळं वातावरण लागतं आणि प्रवासात तो मेला तर 'नाही' असा खोटा निकाल येऊ शकला असता.

शुक्रवार संध्याकाळचा फोन

जेवणाला सात दिवस राहिले असताना फोन आला. तिसऱ्या आणि सातव्या गटात साल्मोनेलासारख्या वसाहती. पक्कं सोमवारी कळेल. ओ१५७ कुठेच नाही. या 'नाही'लाही मर्यादा आहे. सॉर्बिटॉल मॅककॉन्की ताटलीवर ओ१५७ फिकट दिसतो म्हणून ओळखता येतो. मेंढरांमध्ये शिगा विष तयार करणारे ई. कोलायचे इतरही बरेच प्रकार असतात, ते त्या ताटलीवर साध्या ई. कोलायसारखेच गुलाबी दिसतात आणि पीसीआरशिवाय कळत नाहीत.

शनिवारी सकाळी दुकानदार, अध्यक्ष, मामा आणि मी वाड्यावरच बसलो. दुकानदार पहिल्यांदा बोलले. "मॅडम, हे बाहेर कळलं तर माझं दुकान बसलं म्हणून समजा. ही सगळीच सोडू, बाजारातनं दुसरी वीस उचलतो."

हा पर्याय सगळ्यांत स्वच्छ वाटणारा आणि सगळ्यांत वाईट होता. बाजारातली वीस बकरी म्हणजे आठ-दहा कळपांतली, टेंपोतून दाटीवाटीनं आलेली, दोन दिवस धड न खाल्लेली आणि एकाचीही तपासणी न झालेली. उपाशी मेंढराच्या पोटातली आम्लं कमी होतात आणि साल्मोनेलाला वाढायला मोकळीक मिळते. माहीत असलेला दोष टाकून माहीत नसलेला घरी आणण्यासारखं होतं ते.

"औषध देऊन टाका की सगळ्यांना," असं अध्यक्ष म्हणाले. निरोगी वाहकाला प्रतिजैविक देऊन आतडं साफ होईल असा भरवसा नाही. उलट जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, आणि औषधाचा अंश मटणातून जायला जो काळ थांबावं लागतं तो सहा दिवसांत बसला नसता. हा पर्याय मी तिथेच बंद केला.

राहिला तिसरा : तिसरा आणि सातवा गट मिळून दहा बकरी बाजूला आणि उरलेल्या तीसांतून वीस. आम्ही हाच धरला. पण उठून कळपाकडे गेलो तर पाठी कोऱ्या. चार रात्रींच्या पावसानं गेरू धुऊन गेला होता. काही पाठींवर तांबूस डाग, तीन की आठ ते कळेना.

मला काय करावं सुचेना. मामा म्हणाले, "गेरू गेला म्हणून काय झालं? तोंडं तर हाईत न्हवं?"

मग मामींनी सोमवारचा क्रम आठवायला घेतला. कुठलं बकरं कुणामागून आणलं, कुठल्यानं हिसडा मारून त्यांना पाडलं, कुठल्या काळतोंड्याच्या वेळी मी हातमोजा फाटला म्हणून बदलला. मामा कानाचा काप, कपाळावरचा पट्टा, शिंगाचा वळसा बघून एकेक बाहेर काढत गेले. दहांपैकी आठांवर दोघांचं एकमत झालं. उरलेल्या दोन जागांसाठी सहा बकऱ्यांवर अडलं. मी ती सहाही संशयित धरली. म्हणजे चौदा बाजूला, सव्वीस हाताशी.

आणि मग मामांनी जे विचारलं ते मी सोमवारीच, नमुने घ्यायच्या आधी, मांडायला हवं होतं. "ही चौदा आता कोण घेणार?"

सहा दिवसांत जेवण, त्यानंतर थोड्याच दिवसांत अमावस्या, मग श्रावण. महिनाभर मटणाला उठाव नाही. चौदा बकरी विकायची राहिली तर मामांच्या वर्षाच्या मिळकतीला मोठंच खिंडार. त्यांचा दोष काहीच नव्हता. आम्ही तपासलं नसतं तर सगळी चाळीस चांगल्या भावात गेली असती. ज्यानं कळप उघडून दाखवला त्यालाच भुर्दंड बसणार असेल तर पुढच्या वेळी कुठलाही मेंढपाळ मला वाड्यात येऊ देणार नाही, आणि ते योग्यच असेल. तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं की दुकानदार चौदाही बकरी आजच्याच भावानं श्रावणानंतर घेतील आणि तोवरचा चारा-पेंडीचा खर्च मंडळ देईल. कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या.

सव्वीस बकऱ्यांची व्यवस्था

सोमवारी नमुने दिल्यापासून चाळीसही बकरी एकाच वाड्यात, एकाच डोणीतलं पाणी पीत होती. सव्वीसांना तिथेच ठेवण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या शिवारात एक गुऱ्हाळ होतं, पावसाळ्यात बंद असणारं. पत्र्याचं उंच छप्पर, चारी बाजूंनी वारा, फरशी कोरडी. मालकानं आनंदानं दिलं. फरशी धुऊन सुकवून वर उसाचं कोरडं पाचट अंथरलं, रोज संध्याकाळी वरचा थर बदलायचा. पाण्याला वेगळ्या बादल्या, उंचावर, म्हणजे लेंडी पडणार नाही. शनिवारी संध्याकाळी सव्वीस बकरी तिथे गेली.

मामांनी आणि त्यांच्या मुलानं रविवारी कातरी घेऊन पोटाखालची, छातीवरची आणि शेपटीभोवतीची लोकर काढली. या कामाला मी सगळ्यांत जास्त वजन देते. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या विशॉ गावात एका मटणाच्या दुकानातून ई. कोलाय ओ१५७ पसरून माणसं दगावली. त्यानंतर ब्रिटनमध्ये कत्तलखान्यात येणारं जनावर स्वच्छ आणि कोरडं हवं असा आग्रह आला आणि लोकरीकडे बघून मेंढरांचे पाच गट पाडायची पद्धत बसली. कातडं सोलताना सुरी पहिल्यांदा फिरते ती छाती-पोटावरूनच. तिथली लोकर चिखल-लेंडीनं थापलेली असेल तर प्रयोगशाळेचा कितीही चांगला निकाल काही कामाचा नाही. सोमवारी कडक लागलेली ती पोटं बुधवारपर्यंत भुरभुरीत, कोरडी झाली.

सोमवारी दोन्ही गटांत साल्मोनेला पक्का झाला. त्या दिवशी मी पुन्हा वाड्यावर गेले ते बकऱ्यांसाठी नाही. मामांचा चार वर्षांचा नातू कोकरांमध्येच लोळत असतो. त्याला किंवा घरात कुणाला ताप-हगवण नाही ना ते विचारलं, मामींना साबण आणि दूध उकळून घेण्याबद्दल सांगितलं, आणि गावातल्या आरोग्य उपकेंद्रात कळवून ठेवलं.

कत्तलखान्यात एक पेच उभा राहिला. नियमाप्रमाणे २४ तास विश्रांती तिथेच द्यायची. पण तिथली विश्रांतीची जागा म्हणजे रोज वेगवेगळे कळप येऊन गेलेली. पाच दिवस जपलेली बकरी तिथे ओल्या फरशीवर बसवली तर केलेलं सगळं पाण्यात. नियम मोडायचा विचार मी केला नाही. आदल्या दिवशी जाऊन तिथल्या डॉक्टरांना भेटले, एक कोपऱ्यातला कप्पा मागितला, तो धुऊन घेतला आणि सुकू दिला. गुरुवारी पहाटे बकरी धुतलेल्या टेंपोतून गेली. दुपारपर्यंत चारा, मग फक्त पाणी. पोट अगदी भरलेलं असलं तर आतडी काढताना फाटायची भीती, फार वेळ रिकामं ठेवलं तर जिवाणू वाढायची. म्हणून उपास बारा तासांचा.

शुक्रवारी पहाटे ही वीस सगळ्यांत आधी कापली, ओंडके-हुक धुतलेले असताना. बाकीची सहा राखीव होती, ती लागली नाहीत. सोलणाऱ्याच्या दोन सुऱ्या, एक वापरात आणि एक ८२ अंशांच्या पाण्यात, आणि कातडं ओढणारा हात मांसाला लागणार नाही याची सवय. अन्ननलिका आणि गुदाशय बांधून मगच आतडी काढली. वजडी धुणारी माणसं वेगळी, जागा वेगळी. फडक्यानं पुसायचं नाही, हे दोन-तीनदा ओरडून सांगावं लागलं, कारण एकच ओलं फडकं वीस बकऱ्यांवरून फिरलं तर एकाची घाण विसांना लागते.

मंडळाच्या स्वयंपाकघरात मी एकच गोष्ट मागितली. कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू हे सगळं मटण आत यायच्या आधी चिरून, झाकून दुसऱ्या खोलीत ठेवायचं, आणि ते वाढणाऱ्यांनी मटणाला हात लावायचा नाही. अध्यक्षांच्या आईंनी ते काम हाती घेतलं, त्यामुळे ते पाळलं गेलं. जेवण या वर्षी दुपारी ठेवलं, आणि पातेल्यांखालचा जाळ शेवटच्या पंगतीपर्यंत चालू होता.

काय निघालं

बाजूला काढलेल्या चौदांचे स्वतंत्र नमुने मी शनिवारीच घेतले होते. निकाल गुरुवारी संध्याकाळी आला : चौदांपैकी दोनच बकऱ्यांत साल्मोनेला. दोन्ही मामा-मामींनी नक्की ओळखलेल्या आठांतली.

सोललेल्या वीस धडांवरून मी छाती, पोट, पुठ्ठा आणि मान अशा चार जागी स्वॅब फिरवले होते, चार-चार धडांचे मिळून पाच गट. जेवणानंतरच्या आठवड्यात निकाल आला. पाचांपैकी एका गटात साल्मोनेला निघाला.

हे मी मंडळाला त्याच दिवशी कळवलं. तोवर मटण शिजून, पचून झालं होतं. मंडळानं पंगतीतल्या घरांची यादी ठेवली होती आणि तीन दिवस फोन केले होते. पोट बिघडल्याची एकही तक्रार आली नव्हती. फ्रिजमध्ये ठेवलेले रस्सा आणि मटणाचे नमुने तपासायची वेळ आली नाही. पण तक्रार नाही म्हणजे बकरी शुद्ध होती, असं म्हणायला मी तयार नाही. एका गटात जिवाणू होताच. तो पानापर्यंत पोचला नाही तो जाळामुळे आणि वेगळ्या खोलीतल्या कांद्यामुळे.

कुठे वेगळं करायला हवं होतं

सगळ्यांत मोठी चूक शनिवारची. जी चौदा जेवणातून बाद झाली होती त्यांचे नमुने मी पुन्हा घेतले, आणि जी सव्वीस पानात जाणार होती त्यांचे घेतले नाहीत. चौदांचा निकाल मामांच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता हे खरं. पण तो दोन आठवड्यांनी आला असता तरी चाललं असतं, श्रावणाआधी ती विकली जाणारच नव्हती. सव्वीसांचा मात्र शनिवारचा नमुना गुरुवारी संध्याकाळपर्यंत हाताशी आला असता, कत्तलीच्या सात-आठ तास आधी. एखादा गट निघाला असता तर राखीव सहांतून भर घालता आली असती, किंवा तो गट शेवटी कापता आला असता. संशयिताकडेच नजर खिळून राहते आणि ज्याला मोकळं सोडलं त्याच्याकडे पुन्हा कुणी बघत नाही, तसं माझं झालं.

त्या एका गटातला साल्मोनेला आला कुठून, हेही शोधता आलं असतं. वाड्यातलाच, की कत्तलखान्यातल्या कप्प्यातला, की कुणाच्या सुरीवरचा? दोन्हीकडचे जिवाणू जपून ठेवून प्रकार ठरवायला कसौलीच्या राष्ट्रीय साल्मोनेला केंद्राकडे पाठवायला हवे होते. प्रयोगशाळेला मी ते आधी सांगितलं नाही आणि ताटल्या नेहमीप्रमाणे नष्ट झाल्या. आता नमुन्यासोबतच्या पत्रातच मी ती ओळ लिहिते.

गेरूचं तर सांगायलाच नको. कानात आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला मारायला प्रत्येकी दोन मिनिटं लागतात. मामी नसत्या तर चाळीसही बकरी संशयित धरावी लागली असती आणि आम्ही पुन्हा बाजारातल्या अनोळखी बकऱ्यांवर आलो असतो. नमुना कितीही नीट घेतला तरी तो कुणाचा हे ठाम सांगता येत नसेल तर तो टाकून दिल्यासारखाच.

कातरणीही मी उशिरा केली. ती नमुन्यांच्या दिवशीच झाली असती तर बकऱ्यांना कोरडं व्हायला आणखी सहा दिवस मिळाले असते, आणि निकाल काहीही आला असता तरी ते काम वाया गेलं नसतं. मंडळाकडे पैसे कमी असतील तर मी आज तपासणीआधी कातरणी, कोरडी जागा आणि वेगळा कप्पा यांवर ते खर्च करायला सांगेन. प्रयोगशाळा त्यानंतर.

आणि सह्यांचा तो कागद. तो शनिवारी, अडचण अंगावर आल्यावर झाला. तिघंही भले होते म्हणून निभावलं. आता 'काही सापडलं तर ही बकरी कोण, कधी, कुठल्या भावानं घेणार' हे लिहून झाल्याशिवाय मी स्वॅबची नळी उघडत नाही.

बाजूला काढलेल्यांतली बारा बकरी श्रावण संपल्यावर ठरलेल्या भावानं गेली. ज्या दोघांत जिवाणू सापडला होता त्यांना मामांनी वेगळ्या जाळीत ठेवलं, आणि दर दहा दिवसांनी मी नमुना घेत राहिले. एकाचे तीन नमुने ओळीनं कोरे आले, ते बारांमागून गेलं. दुसऱ्याच्या दुसऱ्या नमुन्यात पुन्हा साल्मोनेला निघाला. ते काळतोंडं अजून वाड्यातच आहे, कानात बिल्ला आहे, खातंपितं छान. पुढचा नमुना घ्यायचा आहे.